त्या दुपारी तुम्ही आईला मारलंत

बाबा, आईच्या कपाळाला टाके पडले ते तुमच्या हातून. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

मे महिना होता. सकाळी तुम्ही इन्सुलिन टोचून घेतलंत आणि तसेच बागेत निघालात. आई पेजेचं ताट घेऊन मागून ओरडली, "खावन जावा!" तुम्ही म्हणालात, "आंबे उतरवन येतंय, मगे खातंय." आंबे न्यायला टेम्पो दुपारी यायचा होता. अंगाची लाही करणारं ऊन. तुमचा सदरा घामाने चिंब होता, पण घाम सगळ्यांनाच येत होता. तुमचा वेगळा आहे हे कुणाच्या लक्षात येणार? हातातला आंबा तुम्ही दोनदा पाडलात, तेव्हा आई जवळ गेली. तुम्ही तिच्याकडे वळून म्हणालात, "कोण गो तू? माझ्या बागेत कशाक इलंस?" आणि आंबे काढायच्या घळीचा बांबू तिच्या कपाळावर घातलात. ती खाली बसली. तुम्ही पुन्हा बांबू उचललात.

बागेतला गडी ओरडला, "ह्येंका भायरचा कायतरी लागला! देवाक नारळ ठेवूक व्हयो!" उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन तुमच्या रक्तातली साखर उतरली होती; मी धावत घरातून साखरेचा डबा आणला. सतरा वर्षांची होते. गड्याने तुम्हाला मागून मिठी घालून जमिनीवर पाडलं. तुम्ही लाथा मारत होतात, आईला घाण शिव्या देत होतात. त्या शिव्या तुमच्या तोंडी मी कधी ऐकल्या नव्हत्या. गालात साखर भरायला गेले तर माझं बोट करकचून चावलंत. मी सगळ्या जोराने तुमच्या थोबाडीत मारली. तोंड उघडलं. साखर आणि माझं रक्त तुम्ही एकत्रच गिळलंत.

थोड्या वेळाने उठून बसलात. आईकडे बघून विचारलंत, "कपळाक काय झाला?"

"पाय घसारलो," आई म्हणाली.

"बघून चलूक येना नाय तुका?" तुम्ही तिच्यावरच डाफरलात. तिने मान खाली घातली. पुढे सहा वर्षं तुम्ही जगलात, आणि तिच्या धांदरटपणाची ती गोष्ट पाहुण्यांना हसत सांगत राहिलात.

आता इन्सुलिन मीही घेते. गेल्या उन्हाळ्यात जामसंड्याच्या बाजारात, भर दुपारी, माझी साखर उतरली. शुद्धीवर आले तेव्हा लेकीच्या गालावर माझ्या नखांचे ओरखडे होते. काय झालं विचारलं, तर ती सरळ म्हणाली, "आई, तू मारलंस मला." मी रडले, पण मला बरं वाटलं. आता उन्हात निघायच्या आधी काहीतरी खाते, साखर तपासते. तुम्हाला खरं कळलं असतं तर तुम्हीही पेज टाकून गेला नसतात.

हा कागद कुठेच जायचा नाही, म्हणून एवढंही लिहिते. साखर पोटात गेली होती, तुमचे डोळे ओळखीचे व्हायला लागले होते, आणि तेव्हा मी तुम्हाला दुसरी थोबाडीत मारली. तिची काही गरज नव्हती.