चार वर्षांची हजेरी

१८ मे, सातारा
ऑनर्सची नोटीस लागली एकदाची. चौथ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय संबंध घ्यायचा तर साडेसात सीजीपीए (माझा ८.१), संशोधन पद्धतीचा पेपर (झाला), प्रबंधाचा विषय मंजूर (झाला, रडतखडत) आणि एका परदेशी भाषेचं प्रमाणपत्र. मुदत ३० जून. विषय ‘नेपाळमधले गलाईवाले’. म्हणजे आमचे आबाच, माझे वडील. वीस वर्षं पोखऱ्यात दुकान, सोनारांच्या दुकानातली धूळ मुशीत घालून सोनं काढायचं. मी दहा वर्षांची होईस्तोवर तिथंच. भाषेच्या रकान्यात डोळे झाकून नेपाळी लिहिलं. परीक्षा घ्या म्हणावं, कुठलीही.

१९ मे
वि.प्र. नी फॉर्म परत केला. विभागप्रमुख माणूस, बसल्या जागेवरून मान न उचलता: “नेपाळी परदेशी भाषा नाही. आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे.”
आहे. मला माहीत आहे. दुसऱ्या वर्षी दोन मार्कांना आलं होतं, मी बरोबर लिहिलं होतं. त्याच पेपरचं फळ आता मिळतंय.
म्हटलं, सर, देश तर परका आहे ना? “देशाचा प्रश्न नाही, भाषेचा आहे. जर्मन कर.”
जर्मनची परीक्षा नोव्हेंबरात. मुदत जूनमध्ये. हे त्यांनाही ठाऊक.

२० मे
रात्रभर डोकं फिरलेलं. रूममेट तस्लीम वाईची, तिनं वेळेत जर्मन केलं, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर. तिला म्हटलं, बोल बघू काहीतरी. तिनं स्वतःचं नाव आणि ‘मला सफरचंद आवडतं’ एवढं सांगितलं. मग आम्ही दोघी हसलो. पण राग गेला नाही. ती पात्र, मी अपात्र. हिला सफरचंदाच्या पलीकडं एक वाक्य येत नाही आणि मी अजून झोपेत नेपाळीत भांडते.
घरी फोन. आबा: “तीन वर्सं झाली न्हवं? पदवी मिळती की. चौथं कशापायी?” प्रबंध आपल्यावर आहे म्हटलं. मग म्हणाले, “आमच्यावर काय ल्ह्यायचं असतंय.”
लिहायचंच आहे. आमच्याकडची गावंच्या गावं गलाईला गेली, आणि पुस्तकात एक ओळ नाही.

२६ मे
तस्लीमनं नियमावलीच्या चौदाव्या पानावरचा नियम शोधून काढला. परदेशातल्या शाळेत किमान दोन वर्षं शिकलं असेल तर भाषेची अट शिथिल. म्हणजे भाषा परदेशी नाही, शाळा मात्र परदेशी. कोण लिहितं हे?
काही का असेना. मी चार वर्षं शिकलेय. तस्लीमला दोन वडापाव खाऊ घातले.

२८ मे
ऑफिसातले शिरीषभाऊ भला माणूस, पण माझा शाळा सोडल्याचा दाखला बघून म्हणाले, “ताई, तुम्ही तर पहिलीपासून गावातच हाय की.”
मी हातातनं कागद ओढून घेतला. खरंच. पहिली ते चौथी, जि.प. प्राथमिक शाळा, आमचं गाव. वर्तन चांगले. प्रगती समाधानकारक.
पोखऱ्यात असताना माझी प्रगती गावात समाधानकारक चालू होती. इतक्या वर्षांत हा कागद मी नीट वाचला नव्हता, ही माझी चूक.

२९ मे, गाव
पहिल्या एसटीनं विटा, तिथनं गाव. लग्नसराई, त्यामुळं सगळ्या बंद घरांची कुलपं निघालेली. कोण मद्रासहून, कोण दिल्लीहून. आबा मांडवात. चप्पल न काढताच विचारलं.
“मग? जातीचा दाखला, रहिवासी दाखला, कुठनं मिळाला असता? नाव गावच्या शाळेत घालून ठिवलं. समद्यांचीच हायत.”
समद्यांचीच. गलाईला गेलेल्या घरांची पोरं कागदावर इथं, अंगानं दुसरीकडं. पट कमी झाला तर मास्तराची जागा जाती, म्हणून शाळेलाही हवंच. ह्यांना हुशारी वाटते. वीस वर्षं परदेशात काढली, पासपोर्टसुद्धा लागला नाही, त्याचा केवढा अभिमान. म्हटलं, आबा, तुमी मला तिथं जन्माला घातलीच न्हाई असं झालंय. आई मधे पडली, जेव म्हणाली. नाही जेवले.

३० मे
जेवले. भूक कुणाला चुकत नाही.
आईनं ट्रंकेतनं साडीच्या घडीत ठेवलेलं प्रगतिपत्र काढलं. पोखऱ्याच्या शाळेचं, चौथीचं, शिक्का, सही, फोटोत मी दोन वेण्या घातलेली. आईला वाचता येत नाही, पण हा कागद तिनंच सांभाळला. तिला धरून रडावंसं वाटलं, रडले नाही, कारण आबा दारात उभे होते.

३१ मे
आमच्या शाळेचे गुरुजी. रिटायर होऊन वर्षं झाली, अजून रोज शाळेच्या वट्ट्यावर पेपर वाचतात. त्यांनीच माझी हजेरी लावलेली. तडक विचारलं, आवं गुरुजी, मी नसताना मला हजर कसं काय लावलं?
“रोज सकाळी नाव घ्यायचो. स्वाती. मग मीच हजर म्हणायचो. सतरा पोरं होती तशी. चार दिवसांनी एकदा गैरहजर टाकायचो, खरं वाटावं म्हणून.”
भांडायला गेले होते. चहा पिऊन आले. त्याचाही राग येतोय.

१५ जून, सातारा
प्रगतिपत्र घेऊन ऑफिसात. शिरीषभाऊ उलटून पालटून बघतायत. “ताई, हे २०७२ सालचं हाय. अजून यायचंय की ते साल.”
नेपाळचं पंचांग वेगळं, विक्रम संवत, आपल्यापेक्षा छप्पन्न-सत्तावन्न वर्षांनी पुढं. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विभागात हे मी उभी राहून समजावत होते. बाजूचे दोन प्राध्यापक हसले. हसा. तुमच्याच खोलीत नेपाळचा नकाशा टांगलाय, त्यावर छत्री वाळत घालता.

२४ जून
वि.प्र. नी बोलावलं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी.
“एकाच वेळी दोन शाळांत? दोन्हींपैकी एक खोटा. कुठला ते लेखी दे. नेपाळचा खरा असेल तर जि.प. ला कळवावं लागेल, ते आमचं कर्तव्य आहे. नाहीतर अर्ज मागं घे. तीन वर्षांची पदवी आहेच.”
नियमाप्रमाणं त्यांचं बरोबर आहे, ह्याचाच जास्त संताप. कळवलं की चौकशी, चौकशी म्हणजे गुरुजी. पेन्शन. आणि ती सतरा पोरं, कुणी पोलीस भरतीत, कुणी तलाठ्याच्या परीक्षेला बसलेलं. सगळ्यांचे दाखले त्याच रजिस्टरमधले.
आबांना फोन. पहिल्यांदा आवाज खाली: “मागं घी गं पोरी. गुरुजींचं वाईट नगं.”
आणि माझं? माझं कोण बघणार? फोन ठेवला. आदळला म्हणा.

२७ जून
गुरुजींचा फोन, आबांनीच सांगितलं असणार. “तू खरं दे. हजेरी मी लावली, सही माझी. माझं मी बघतो.”
म्हटलं, तुमी एवढं चांगलं वागू नका, मला सोपं जात न्हाई.
“मला तरी कुठं सोपं जातंय,” म्हणाले.
तस्लीम म्हणते, मागं घेऊन पुढच्या साली दुसरीकडं बघ. दुसरीकडं म्हणजे पुणे, आणि पुण्याला आबा पाठवणार नाहीत. तिलाही माहीत आहे, म्हणून पुढं बोलली नाही.

३० जून
ऑफिसच्या बाकावर बसून लिहितेय. खिडकी पाचला बंद, आत्ता सव्वाचार. फॉर्म भरलाय. एकच रकाना कोरा: परदेशात शालेय शिक्षण झाले आहे काय, होय/नाही.
‘नाही’ लिहिलं की सगळे सुटले, मी सोडून. ‘होय’ लिहिलं की...
सकाळी गुरुजी एसटीनं आले. कुणी बोलावलं नव्हतं. धुतलेला सदरा, पिशवीत जुन्या हजेरीपटाची झेरॉक्स. शेजारीच बसलेत. घरी जा म्हणून दोनदा ओरडले त्यांच्यावर, लोक बघायला लागले. ते म्हणाले, पाणी आण. आणलं.
माझ्यापुढं दोघं. शिरीषभाऊंनी मघाशी खिडकीतनं यादी वाचली, कोण आलंय कोण नाही बघायला. माझं नाव आलं. मी तोंड उघडायच्या आत गुरुजी म्हणाले, “हजर.”
सवयीनं. त्यांचं त्यांनाच कळलं, खाली बघायला लागले.
आता पुढं एकच जण आहे.