नको म्हणणारी मीच

शनिवार, सकाळ

प्रिय चिमणे,

तुला आशीर्वाद, पिल्लाला पापा. आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायला गेले आणि हात थांबला.

परवा तू चिडून गेलीस, तेव्हापासून फोन उचलत नाहीस. "शिकलेसवरलेले असून पोराला गोवराची लस देत नाही? दादा, डोकं ठिकाणावर आहे का?" म्हणालीस. तो मान खाली घालून पेपर चाळत राहिला. तुला वाटलं, हट्टाला पेटलाय. अगं, तो मला पाठीशी घालत होता. नको म्हणणारी मीच.

तान्हेपणी पहिल्या इंजेक्शननंतर आमच्या गुंडाला ताप चढला होता. उतरलाही, पण माझ्या छातीत धडकी भरली ती भरलीच. मग लशीचा कागद वाचला. काय काय होऊ शकतं त्याची ही लांबलचक जंत्री! ‘लाखात एखाद्याला’ असंही होतं तिथे. मी शाळेत गणित शिकवते, बाई! तरी तो लाखातला एक आमचाच, असं मनानं घेतलं. नर्सला विचारावं तर रांगेत माझ्याच विद्यार्थ्यांच्या आया. बाईंना एवढंही कळत नाही म्हणतील! नाहीच विचारलं. आणि गोवर काय करतो, ते वाचायची तसदीच घेतली नाही.

आता डोळ्यांनी बघतेय. काल अंगभर पुरळ उठलं. डोळे लालबुंद, धाप लागलीय. दवाखान्यात ठेवलंय.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "इतक्यात याच्याजवळ कुणी तान्हं बाळ आलं होतं?"

मी "नाही" म्हणाले. लाजेनं! जीभ कशी झडली नाही माझी? तुझं सात महिन्यांचं पिल्लू परवा गुंडाच्या मांडीवर होतं, तो शिंकत होता, आणि मी "साधी सर्दी गं" म्हणत हसत होते.

आज सकाळी खरं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत, घड्याळाकडे बघितलं फक्त. एवढ्या लहान बाळालाही आत्ता लस दिली तर गोवर टळू शकतो म्हणाल्या. उशीर झाला तर तिचा उपयोग नाही.

दादा हे पत्र घेऊन तुझ्या दारात उभा आहे. तो माझं नाव काही केल्या घेणार नाही, म्हणून लिहिलं. खाली गाडी थांबलीय. भांड नंतर, काय वाट्टेल ते बोल, पण आधी पिल्लाला उचल आणि नीघ. आमच्या खोलीकडे फिरकू नकोस. डॉक्टरबाई दवाखान्याच्या मागच्या दारापाशी तुमची वाट बघतायत.

पिल्लू धड राहू दे, मग जन्मात माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल.

तुझीच,
वहिनी