हनुमंतने लिहिलेला हुक

२ जुलै, नारायणगाव
आले एकदाची! खोली स्टँडमागे आहे, खिडकीतून टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो दिसतात. घरमालकीणबाईंनी आल्याआल्या भाकरी-पिठलं वाढलं आणि वर "लई बारीक हाईस, नंदा" असं बजावलं. ऑफिस खताच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. मालक गोकुळ सर, सुनील आणि मी, एवढीच कंपनी. आहुप्याकडच्या डोंगरातल्या वाड्यांत आमची पर्जन्यमापकं आहेत. पाऊस धोक्याच्या रेषेवर गेला की वाडीतल्या प्रत्येक मोबाइलला इशारा जातो. माणसांच्या जिवाशी जोडलेलं काम. आईला फोनवर सांगताना मलाच भरून आलं.

४ जुलै
पहिलं काम मिळालं. कोडमधला बदल साठवण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट आपोआप चालते, तिला हुक म्हणतात. आमचा हुक प्रत्येक वाडीला चाचणीचा इशारा पाठवून बघतो. एखादीला तो पोचला नाही तर बदल अडवतो. माझ्या आधी इथे असलेल्या हनुमंतने तो लिहिला, त्याच्या लिनक्सवाल्या मशिनवर. तेच मशिन आता माझ्याकडे आहे, त्यावर हुक छान चालतो. सरांच्या मॅकवर फाइलला चालायची परवानगीच नाही, म्हणून तो वगळला जातो. सुनीलच्या विंडोजवर ओळींच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर येतं आणि स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडखळते. त्याने कंटाळून ती बंदच करून टाकलेली. आता तिन्हीकडे सारखी चालवायची आहे.
हनुमंत कुठे गेला विचारलं. वारला, एवढंच सुनील म्हणाला आणि खाली निघून गेला.

९ जुलै
जमलं! हुकसाठी सगळ्यांचं एकच फोल्डर केलं, ओळींचे शेवट एकसारखे ठेवायची व्यवस्था केली, मॅकवर परवानगी दिली. तिन्हीकडे चाचणी पास. सरांनी मिसळ मागवली. सुनीलने पावाचा तुकडाही मोडला नाही.
दुपारी एक साधा बदल साठवायला गेले तर हुकने अडवलं. पडद्यावर एकच ओळ:
"आये, भाईर ये."
मला वाटलं, सुनीलची चेष्टा. स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत वाचली. अशी ओळ तिच्यात कुठेच नाही.

१० जुलै
आज तिन्ही मशिनवर तीच ओळ. सुनीलने वाचली आणि तोंड झाकून रडायला लागला. मग बोलला. मागच्या पावसाळ्यात त्याचा एक बदल हुकशिवाय गेला आणि त्या बदलामुळे करवंदवाडीचे इशारे बंद पडले. करवंदवाडी म्हणजे हनुमंतचं गाव. हनुमंतने इथे बसून पावसाचे आकडे पाहिले, आपल्या वाडीला इशारा गेला नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि आईला आणायला त्याने गाडी काढली. बाकीची माणसं आपणहून देवळाकडे पळाली होती, ती वाचली. दरड घराच्या मागच्या अंगाला आली. हनुमंत आत सापडला.
"त्यो सारखा म्हनायचा, हुक चालू कर. मी म्हनायचो, उद्या करतो. रोज उद्याच म्हनलो, ताई."


१२ जुलै, मंचर
हनुमंतची आई गोजरबाई इथे लेकीकडे राहते. तिला भेटल्याशिवाय राहवेना. दरड आली त्या दिवशीही ती इथेच होती, नातीला ताप आला म्हणून अचानक निघून आलेली. तिच्याकडे फोन नाही, गडबडीत हनुमंतला कळवायचं राहून गेलं.
"मी तितं नव्हतेच गं बाय. देवळातल्या मान्सांनी ऐकलं, दारातनं हाका मारत व्हता. मंग आत शिरला. रिकाम्या घरात शिरला माझा लेक."
मी तिला ती ओळ सांगितली. सांगायला नको होती का? तिने माझे दोन्ही हात धरले.
"त्याला सांग, आय जित्ती हाय. म्हनावं, आता तूच भाईर ये."

१३ जुलै
बदल साठवताना टिपणीच्या जागी लिहिलं: हनुमंत, तुझी आई मंचरला सुखरूप आहे. तू बाहेर ये.
बराच वेळ पडदा कोरा. मग —
"मंग आतून ओ कोन देतंय?"
सुनील माझ्या मागे उभा होता. त्यानेही वाचलं.

१४ जुलै
सरांनी हुक काढून टाकला. तिन्हीकडून. फोल्डर रिकामं आहे, मी स्वतः पाहिलं. तरी कालचीच ओळ येतेय. कळफलकाला कुणी हात न लावता. सुनील म्हणाला, हनुमंतला तितं एकटा कसा ठेवायचा? सर ओरडले.

१५ जुलै
सुनील आला नाही. करवंदवाडीला गेलाय — हनुमंतला आणायला. तिथे आता कुणी राहत नाही. त्या घराचं फक्त पुढचं दार उभं आहे. सकाळपासून पाऊस. वाडीतला पाऊस धोक्याच्या रेषेवर. इशारा गेला, या वेळी नीट गेला, सुनीलच्या फोनवरही — तरी परतत नाही —

फोन लागला. दारात उभा आहे. आत म्हातारी ओ देतेय म्हणतो. तिला टाकून कसा येऊ म्हणतो —

पडद्यावर —
"सुनील, भाईर ये."
पुन्हा. पुन्हा. तिन्ही मशिनवर. ज्याच्यामुळे हनुमंत गेला, त्यालाच तो बाहेर बोलावतोय —

मीही तेच ओरडतेय. फोन कानाशी. मलाही ऐकू येतेय ती म्हातारी, घराच्या आतून, मायेने बोलावतेय — आणि मागून डोंगराचा —

सुनील "आलो" म्हणाला. कुणाला, आम्हाला की तिला, ते —