चातुर्मासातला लसूण

सासूबाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आपली बोडी, शेतातलं ते तळं, अजून आहे. काल धाकट्यानं विचारलं, माशांना द्यायच्या खाण्यात लसूण घालायची रीत आपल्याकडे कोणी आणली? मी म्हटलं, तुझ्या आजीनं. तो हसायलाच लागला. गळ्यात माळ असलेली, अंगणात अंड्याचं टरफल दिसलं तरी सडा घालणारी आजी! त्याला सगळं सांगत बसले, आणि सांगून झाल्यावर वाटलं, हे तुमच्याशीच बोलायला हवं होतं, म्हणून लिहायला बसले.

नागपूरच्या महालातून लग्न होऊन मी कुहीकडच्या तुमच्या गावात आले. दुसऱ्याच वर्षी माझं बाळ पोटातच गेलं. हे कळमेश्वरच्या कारखान्यात, रविवारी तेवढे घरी येणार. मी दिवसचे दिवस भिंतीकडे बघत बसे. धानाला पाणी द्यायच्या बोडीत रोहू-कतला माशांची पिल्लं सोडायचं यांनीच काढलं, बहुधा माझ्यासाठीच. तुम्ही चिडलात. "आपण पोसायचं अन् दुसऱ्यानं मारून खायचं, हे कोणतं पुण्य गा?" असं यांना सगळ्यांदेखत सुनावलंत. पण मी रोज कोंडा आणि पेंडीची ढेप घेऊन बोडीवर जायला लागले, घरी येऊन पोटभर जेवायला लागले, तेव्हापासून तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत.

मग तो आश्विन. मासे खायला वर येईनात. काहींच्या अंगावर लाल चट्टे, आणि एका सकाळी काठाला चार-पाच पांढरी पोटं. पुन्हा माझ्या हातून जीव जाताहेत, एवढंच डोक्यात. तालुक्याचे मासेवाले साहेब येऊन पाहून गेले. पाण्यात चुना टाका म्हणाले, आणि खाण्यात लसूण ठेचून घाला. "लसूण म्हणजे जादू नाही बाई, पण अंगात जोर धरतात. तगतील ते तगतील."

आणि घरात तुमचा चातुर्मास. कांदा-लसूण दारातूनसुद्धा आत यायचा नाही. मी शेजारणीकडून गड्डे मागून आणले आणि गोठ्यात, गाईच्या आडोशाला, दगडावर ठेचत बसले आहे. पदरानं डोळे पुसते आहे, रस डोळ्यांत जातो आहे. आणि तुम्ही दारात उभ्या.

"काय करून राहिली वं?"

मी सगळं सांगून टाकलं. पाय धरायच्या बेतात होते. तुम्ही दगडाकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत.

"मंग इथं काहून लपून बसली? देवानं मले लसूण खाऊ नको म्हटलं. माशाइले कुठं म्हटलं?"

असं म्हणून तुम्ही लुगडं खोचून खालीच बसलात. "सरक तिकडं. अशानं रात होईन." तुमच्या हाताखाली गड्ड्यांचा लगदा व्हायला वेळ लागला नाही. कोंड्यात तो कालवून गोळे वळलेत, टोपलीत भरलेत, आणि माझ्या आधी बोडीकडे चालू लागलात. वाटेत कोणीतरी नाकाला पदर लावला, तर तुम्ही त्या बाईला म्हणालात, "लेकराइचं औषध हाये."

त्या शब्दानं मी चालता चालता थांबले. बाळ गेल्यापासून घरात कोणी लेकरू हा शब्दच काढत नव्हतं.

सगळे मासे काही वाचले नाहीत. पण पंधरवड्यात टोपली पाण्यात सोडली की पाणी खळबळायला लागलं. तुम्ही काठावर बसून "तो पाह्य, तो मोठा पाह्य कसा ढकलते सगळ्याइले" म्हणत हसत होतात. पुढे दर पावसाळ्यात, रोग असो-नसो, लसूण ठेचायचं काम तुमच्याचकडे राहिलं. झाल्यावर अंघोळ, मग देव. मासा मात्र तुम्ही कधी तोंडाला लावला नाहीत, आणि विक्रीच्या दिवशी बोडीकडे फिरकला नाहीत. तुम्ही त्या दिवशी देवळात असायच्या, हे मला ठाऊक होतं.

हा कागद कुठे टाकायचा? पत्ता नाही. ट्रंकेत ठेवून देईन. एवढंच सांगायचं राहिलं होतं: मी माहेरी आठ दिवसांसाठी म्हणून जायची आणि चौथ्या दिवशी परत यायची. आई रुसायची. मासे उपाशी राहतील, असं मी तिला सांगायची. मासे कुठले उपाशी राहतात! तुम्ही होतात ना घरी. मला तिथे तुमच्याशिवाय करमत नव्हतं.