रुईच्या पानावरचा काना

२ ऑगस्ट, शनिवार

फुलपाखराला चेहरा असतो! असणारच म्हणा — पण असा?

घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते भिंग आज रबरबँडने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसवलं. नदीकाठच्या रुईवर नारिंगी, काळ्या कडांचं एक बसलं होतं. अगदी जवळ गेलो. हललं नाही. फोटो मोठा करून बघितला आणि मोबाइल हातातून पडता पडता राहिला. काळ्या डोक्यावर पांढरे ठिपके, चुन्याची बोटं उठवल्यासारखे. सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. आणि डोळे! एका डोळ्यात शेकडो डोळे, सगळे माझ्याकडे.

आईला दाखवला. "ई! बाजूला कर. वरून किती देखणं दिसतं मेलं." मग म्हणाली, "रुईवर होतं? म्हणजे आपलंच गिऱ्हाईक."

फ्लेक्सच्या दुकानात आमचे मालक संतोषशेठ म्हणाले, "सनी, हा फ्लेक्सवर टाक. भावी नगरसेवकापेक्षा बरा दिसतोय."

४ ऑगस्ट, सोमवार



आई शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांचे हार विकते. शुक्रवारी पानं तोडायची, ओल्या गोणपाटावर रात्रभर पसरायची. चीक वाळला की पहाटे पानापानावर शेंदराने 'राम' लिहायचं आणि ओवायचं. लहानपणापासून बघतोय. परवाचं उरलेलं एक पान आज सहज उलटं करून भिंगाखाली धरलं.

अंडं! टाचणीच्या डोक्याहून लहान. पांढरं. त्यावर उभ्या रेघा — पट्टी लावून आखल्यासारख्या.

म्हणजे इतकी वर्षं आपण किती अंडी सुईने ओवली? मारुतीच्या गळ्यात घातली?

आई म्हणते, "कीड असते रे. मी धुऊन टाकते." धुऊन टाकते!

७ ऑगस्ट, गुरुवार

अळी निघाली. निघाल्या निघाल्या स्वतःच्याच अंड्याचं टरफल खाल्लं. तेच फोटो काढत बसलो.

आईला सांगितलं — उद्या पानं रात्रभर ठेवू नकोस. गोणपाटावर अंडी चिरडतात. तोडल्या तोडल्या निवड. पान डोळ्याजवळ धर, नाहीतर अंडं दिसायचं नाही.

"ताज्याचा चीक गळतो, बाळा."

"हात धू की मग."

८ ऑगस्ट, शुक्रवार

आईने अंडी असलेली ओंजळभर पानं वेगळी काढून दिली! अळीच्या डब्यात ठेवली. म्हणते, "तुझ्या भिंगापेक्षा माझे डोळे बरे."

९ ऑगस्ट, शनिवार

देवळाबाहेर हसं झालं.

दुपारी डबा घेऊन गेलो होतो. एका माणसाने हार हातात घेतला, वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला — "मावशी, मारुतीला रम पाजता का?"

शेजारी तेल आणि उडीद विकणाऱ्या गोजराबाई पोट धरून हसल्या. "अगं वत्सले, शनिवारी तरी त्याला कोरडा राहू दे! लय झालं तुझं!"

मी हार घेऊन पाहिला. रम. रम. राम. रम. काना नाहीच!

बारावी अर्धवट सोडली, पण फ्लेक्सवर एक वेलांटी चुकू देत नाही मी. लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो. आणि माझ्या घरचा राम असा? आई चौथीच शिकलेली, कबूल. पण हा शब्द तिने किती हजार पानांवर लिहिला असेल! सगळ्यांसमोर बोललो — "दोन अक्षरं आई! दोनच!"

ती काडी शेंदरात बुडवून एकेका पानाला काना देत बसली. एक काना पानाबाहेर गेला. तिच्या मांडीवर. तिला कळलंही नाही.

१० ऑगस्ट, रविवार

तो मांडीवरचा काना डोक्यातून जाईना.

सकाळी आईला खिडकीशी बसवलं. डोळ्यात काही गेलंय का? "नाही रे. दुखत नाही की खुपत नाही. उजव्याला दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं नुसतं. वय झालं."

भिंग लावून दोन्ही डोळ्यांचे फोटो काढले. फुलपाखरांचे काढतो तसेच, तेवढ्याच जवळून. डाव्या बुबुळात आमची खिडकी दिसते — गज, दोरीवरचा माझा शर्ट, सगळं. उजव्यात खिडकीच नाही! आरशावर श्वास सोडावा तसं पांढरं धुकं.

आणखी दोन फोटो काढले, तेच धुकं. पुढच्यांची गरजही नव्हती.

११ ऑगस्ट, सोमवार

सरकारी दवाखाना. डॉक्टर मॅडमनी आधी आईचे हात पाहिले, मग डोळा. "रुई तोडता का? चीक गेलाय. दुखलं नसेल ना? तेच वाईट. दुखत नाही म्हणून लोक घरी बसून राहतात." बुबुळावर सूज आहे. थेंब वेळेवर घातले तर उतरेल. पुन्हा चीक गेला तर काही सांगता येणार नाही.

मॅडमनी विचारलं, "इतकी वर्षं काही झालं नाही, आताच कसं?"

मी बोलणार तेवढ्यात आईच म्हणाली, "पान जरा जवळ धरलं, एवढंच." माझं नाव घेतलं नाही. रिक्षातही नाही. घरी आल्यावरही नाही.

अळ्यांचा डबा बघवत नाही. पण खायला घातलं. त्यांचा काय दोष?

१५ ऑगस्ट, शुक्रवार

दुकान बंद. पानं मी तोडली. आईला हात लावू दिला नाही. एकेक पान, भिंग डोळ्याला लावून, दोन्ही बाजूंनी तपासलं. एकही अंडं हारात जाता कामा नये. मग रीतसर गोणपाटावर पसरली. हात साबणाने धुतले. पुन्हा धुतले.

आई म्हणाली, "पुरे आता. कातडी निघेल."

१६ ऑगस्ट, शनिवार

सगळे हार गेले. राम मी लिहिला. गोजरबाई म्हणाल्या, "मोठ्याने वाचून दाखव रे आधी, नाहीतर पुन्हा बार उघडायचा!" आईसुद्धा हसली. किती दिवसांनी!

घरी येऊन आईल थेंब घातले. तिच्या उजव्या डोळ्याचा फोटो काढला. खिडकीचे गज दिसतात! पुसट, पण दिसतात.

सगळ्यात मोठी अळी डब्याच्या झाकणाला उलटी लटकली आहे. आता कोष करणार. तिचेही फोटो काढले. सगळे धुरकट. भिंग शर्टाने पुसून पुन्हा काढले. तरी धुरकटच.

१७ ऑगस्ट, रविवार

कालची नोंद वाचली. 'गोजरबाई'. 'आईल'. दोन काने राहिलेत. माझ्याकडून!

एक डोळा मिटून फोटो पाहिले, मग दुसरा. फोटो स्वच्छ आहेत.

उजव्याला दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. दुखत नाही.

भिंगाच्या कडेला पांढरं काहीतरी वाळलेलं आहे. परवा हात धुतले होते. भिंग नाही.