दहाव्याच्या ताटाचा फोटो काढू नये

मी, राजेश्वरी रंगनाथ गाडेकर, वय ६४, धंदा हॉटेलांच्या मेनूकार्डासाठी ताटे सजवणे, राहणार राहाता, हे पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दडपणाविना लिहून ठेवते. माझे डोके फिरल्याचे नणंद सविता गावभर सांगते. साक्षीदारांनी माझ्याशी बोलून खात्री करून घेतली आहे.

१. घर व बँकेतील ठेव मुलगी पूजा हिला. सविताला माझी जांभळी पैठणी. तिचा डोळा त्या पैठणीवर माझ्या लग्नापासून आहे.

२. कॅमेरा, दिवे, चिमटे, ब्रश आमच्या हाताखाली काम शिकलेला सविताचा मुलगा हर्षल याला. शिर्डीपर्यंतच्या हॉटेलांच्या पाट्यांवरची ताटे आम्हा नवरा-बायकोची. मी मांडायची, हे फोटो काढायचे. मिठाने भाजीला पाणी सुटते, म्हणून मीठ नाही. वर ग्लिसरीनची चमक, आणि वाफ दिसावी म्हणून भाताआड गरम पाण्यात भिजवलेला कापूस. काम संपले की ते सगळे फेकून आम्ही एकाच ताटात पिठलं-भाकरी खायचो.

३. आम्ही दोघे जेवायचो ते पितळी ताट कोणालाच देत नाही. दवाखान्यात यजमान शेवटचे बोलले ते एवढेच: "राजे, लई भूक लागलीय. घरचं घाल कायतरी." मी डबा घेऊन पोचेपर्यंत ते गेले होते.

दहाव्याला पुणतांब्याच्या घाटावर नैवेद्याचे हेच ताट हर्षलने हाताच्या सवयीने सजवले, ग्लिसरीन लावून, बिनमिठाचे. "मामी, फोटोत चमकलं पायजे," म्हणाला. कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

तेव्हापासून या ताटात काही मांडले की समोर ते जसेच्या तसे असते आणि फोटोत भातावर बोटे फिरलेली दिसतात. तर्जनीची खूण आखूड. यजमानांच्या त्या बोटाचे पेर रसवंतीच्या चरकात गेले होते. हर्षल म्हणाला, लेन्सचा दोष. लेन्स बदलली, बोटे राहिली. घास मात्र कधी उचललेला नसतो, नुसता चाचपून सोडलेला. त्याचे मला फार वाईट वाटते.

गेल्या सोमवारी मी खरे रांधले. पिठलं, भाकरी, भात, मीठ बेताचे. फोटो काढला. समोरचे ताट भरलेले, फोटोतले निम्मे संपलेले. आणि पलीकडच्या बाजूनेही कोणी जेवले होते. तिथल्या भातात बाहेर वळलेल्या अंगठ्याची खूण होती. तसा अंगठा माझाच आहे. माझा तर सोमवारचा उपास होता.

म्हणून हे घाईने लिहिले.

४. पूजा, माझ्या दहाव्याला तू स्वतः रांध. मीठ घाल, आणि याच ताटात दोघांपुरते वाढ. हर्षलने मोबाईल घरी ठेवून यावे. कावळ्याने वेळ लावला, तर माझी इच्छा राहिली असे समजून कोणी काही कबूल करू नये. आम्ही जेवत असू. तेवढे थांबावे.

मृत्युपत्र करणार: राजेश्वरी रंगनाथ गाडेकर (सही)

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१. आमोस भिंगारदिवे, निवृत्त शिक्षक (सही)
२. ज्योती पुंजाराम सदाफळ, शेजारीण (सही)

राहाता, जि. अहिल्यानगर
दि. २० नोव्हेंबर २०२५