सावंतबाईंचा मोगरा

रविवार, मे २००२. संध्याकाळ.

दर रविवारसारखा आजही आमच्या निर्मळ गावाहून शहरातल्या एका सोसायटीत गेलो, लोकांना कुंड्यांचं शिकवायला. सावंतबाईंनी मोगरा पुढे केला, त्यांच्या आईने मालवणहून पाठवलेला. पानांच्या कडा करपलेल्या, मातीवर पांढरा थर. त्यांच्या बादलीतलं पाणी चाखलं. बोअरचं, खारट.

"गोडं पाणी घाला."

"काका, गोडं पाणी टँकरचं. ते आम्हीच जपून पितो."

जन्म केळीच्या वाडीत गेला आणि एक कुंडी वाचवता येईना! शेवटी त्यांनीच विचारलं, "तुमच्या विहिरीचं एक कॅन आणाल?"

"आणतो की," म्हणून आलो.

घरी येऊन केळींना पाणी सोडायला गेलो. आळ्यातल्या सुकल्या मातीवर तोच पांढरा थर. विहिरीचं पाणी चाखायचा धीर झाला नाही.